व्हय म्हणणारी

बाबा गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी आमच्या हॉलमध्ये लोक हसत होते. खोटं नाही सांगत. जमिनीवर चादर अंथरलेली, भिंतीला टेकून आई बसलेली, कोपऱ्यात दिवा. बिल्डिंगमधली माणसं यायची, डोळे पुसायची, जरा वेळ गप्प बसायची आणि मग कुणीतरी म्हणायचं, "काकांनी त्या लिफ्टच्या वेळी काय केलेलं, आठवतंय ना?" झालं. एकाला आठवलं की सगळ्यांना आठवायचं. आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसत होती.

सुतकात जेवणाचे डबे शेजारून येत होते, चहा तेवढा मी करत होते. स्वयंपाकघरातून मला सगळं ऐकू येत होतं. हसणं मला खटकलं नाही. मला खटकलं ते रडणं. समोरच्या घरातली ताई हुंदके देत आईला म्हणाली, "माझ्या बापासारखे होते हो काका." आणि हातात गाळणी धरून मी मनात म्हटलं, बाई गं, तुला तुझा बाप आहे ना? लातूरला चांगला धडधाकट आहे, दर दिवाळीला तुरीची डाळ घेऊन येतो. माझा कशाला घेतेस?

हे असं लिहिणं बरं दिसत नाही, ठाऊक आहे मला. पण पन्नाशी आली, बरं दिसायचं वय गेलं. माझा बाप मजेशीर होता, सगळ्या कॉलनीला हवाहवासा होता, आणि त्याच्यातला माझ्या वाट्याला किती आला याचा विचार केला की माझ्या पोटात दुखतं. आजही दुखतं.

बाबांची ख्याती गाऱ्हाण्यासाठी होती. आम्हा मालवणी माणसांत गाऱ्हाणं घालतात. बाकीचे लोक देवापुढे हात जोडून मनातल्या मनात काय ते बोलतात, आम्ही चारचौघांत मोठ्याने बोलतो. एक माणूस पुढे उभा राहून देवाला सांगतो की बाबा रे, ह्याचं असं झालंय, तिचं तसं झालंय, सांभाळून घे. आणि त्याचं एकेक वाक्य संपलं की बाकीच्यांनी एका सुरात म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" गावाला हे काम मानकऱ्यांचं, एकदम गंभीर. बाबांनी ते मुंबईत, दिंडोशीला आणलं आणि त्याचं पार नाटक करून टाकलं.

बिल्डिंगच्या सत्यनारायणाला गाऱ्हाणं, गणपतीला गाऱ्हाणं, कुणाची दहावी असली की गाऱ्हाणं. नवीन पंप बसवला तेव्हा पंपासमोर नारळ फोडून ते म्हणाले, "बा देवा म्हाराजा, पंपवाल्याक सुबुद्धी दी आणि टाकीत पाणी दी. दोनापैकी एकच जमत असात, तर पाणी दी रे म्हाराजा!" पहिल्या मजल्यावरच्या मुलाच्या परीक्षेआधी, "ह्या झीलान अभ्यास केल्यान नाय, ह्या तुका ठावक, माका ठावक, पण पेपर तपासणाऱ्या मास्तराक कळाक नको रे म्हाराजा!" आणि लिफ्ट सुरू झाली तेव्हाचं तर सगळ्यांना पाठच आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या काकी आत असताना ही अडकली, तर दार उघडेपर्यंत लिफ्टची काही धडगत नाही, तेव्हा देवा, काकींना नको, लिफ्टला सांभाळ. काकी स्वतः पोट धरून हसल्या होत्या.

समोरच्या ताईंचं घर बौद्ध. तिच्या नवऱ्याने रिक्षा घेतली तेव्हा तो बाबांना म्हणाला, "काका, आमच्यात देवाबिवाचं काही नसतं, पण तुमचं गाऱ्हाणं पायजे." बाबांनी क्षणभर डोकं खाजवलं, मग रिक्षासमोर उभे राहून हात जोडून सुरू झाले, "बा ट्रॅफिकच्या हवालदारा म्हाराजा!" सिग्नलला मुलगा सापडला तर पदरात घे, पावती फाडायची झाली तर पुढच्या रिक्षावाल्याची फाड. आख्खी कॉलनी "व्हय म्हाराजा" म्हणून ओरडली. ती रिक्षा अजून चालते आणि तो अजून ते सगळ्यांना सांगतो. माझ्या नवऱ्याची स्कूटर आली त्या दिवशी बाबा गावाला गेलेले होते.

आता माझं स्थान सांगते. माझं स्थान त्यांच्या डाव्या हाताला. आम्ही ह्या कॉलनीत आलो तेव्हा मी दुसरीत होते, तेव्हापासून. "व्हय म्हाराजा" सगळेच म्हणतात, पण कुणीतरी ते सुरू करावं लागतं. ते वेळेवर पडलं पाहिजे. लवकर पडलं तर वाक्य कापलं जातं, उशिरा पडलं तर गाऱ्हाणं घालणारा बिचारा लोंबकळत राहतो. माझा आवाज लहानपणापासून खणखणीत. बाबा वाक्याच्या शेवटी मान किंचित डावीकडे वळवायचे की मी सुरू करायची आणि माझ्यामागे सगळे. सुरू करण्याआधी ते विचारायचे, "बाय खय आसा?" म्हणजे माझी पोरगी कुठाय. मी आले की मग "बा देवा म्हाराजा". मंडपात माईक लागला का विचारतात ना, तसं मला वाटायचं. माईकला कुणी विचारतं का, तू कसा आहेस?

सगळ्या बिल्डिंगला फिरून झालं की शेवटी घरच्यांचा नंबर. आईच्या फोडणीवर, तिच्या माहेरच्यांवर काहीबाही बोलायचे, आई लटकी चिडायची. धाकट्या भावावर तर तो बडोद्याला गेला तरी बोलायचे. आणि माझ्यावर एकच वाक्य, वर्षानुवर्षं तेच, "आणि माझ्या बायेक सुखात ठेव." बस. ना विनोद, ना टोमणा. लिफ्टला त्यांनी पाच मिनिटं दिली, मला एक ओळ. मी तेव्हापासून त्या लिफ्टमधून जात नाही. कुणी विचारलं तर गुडघ्यांना व्यायाम म्हणून सांगते.

एकदाच, फक्त एकदा, माझ्यावर आलं होतं. मी तिसरीत असेन. गणपतीच्या नैवेद्याच्या ताटातला एक मोदक मी आधीच उचलून खाल्ला होता. कुणाला कळलं नाही अशी माझी समजूत. गाऱ्हाण्यात बाबा गोड आवाजात म्हणाले, "बा देवा म्हाराजा, तुझ्या ताटातलो एक मोदक कमी आसा. ज्येणा खाल्ल्यान तेच्या फ्रॉकाक अजून तूप लागलेला आसा, तेका माफ कर रे म्हाराजा!" सगळ्या माना माझ्या फ्रॉककडे वळल्या. असा हशा झाला की काय सांगू. मी रडत रडत जिन्याने वर गच्चीवर गेले आणि टाकीमागे जाऊन बसले. खालून गाऱ्हाणं ऐकू येत होतं. व्हय म्हाराजा एकाचं आधी, एकाचं नंतर, नुसता गोंधळ. बाबांनी ते पटकन आटोपलं. मग ते वर आले, माझ्याशेजारी बसले, वाटीतून एक मोदक आणला होता तो पुढे केला. मी खाल्ला नाही. दुसऱ्या दिवशीसुद्धा बोलले नाही त्यांच्याशी. त्यानंतर मात्र ती एक ओळ सुरू झाली, ती कायमची.

माझ्या लहानपणी बाबा घरात असायचे ते झोपलेले. मिल बंद पडल्यावर ते अंधेरीला एका कारखान्यात मशीनवर लागले, तिथे पाळ्या. रात्रपाळी करून यायचे, आई पडदा ओढायची आणि आम्हाला बोटाने गप्प करायची. सुट्टीच्या दिवशी मजा, ती बाहेर, कॉलनीत, मंडपात. लष्कराच्या भाकऱ्या भाजतायत, आई म्हणायची. घरात ते माझा अभ्यास घ्यायचे. आणि अजून एक. घरात माझ्याशी मालवणी बोलायचं नाही असा त्यांचाच नियम होता. शाळेत मुली हसतील, बाई ओरडतील, मोठेपणी ऑफिसात लोक नावं ठेवतील. आईशी ते मालवणीत बोलायचे आणि माझ्याकडे वळले की गाडी थांबल्यासारखे थांबून म्हणायचे, "जेवण झालं का तुझं?" 'बाय' एवढाच शब्द सुटला होता त्यांच्या नियमातून. मला मालवणी सगळं समजतं, पण बोलायला गेले तर पाहुण्यासारखं होतं. गाऱ्हाणं घालणं तर सोडाच.

आणि मग आली माझी लेक.

मी दोन बिल्डिंग सोडून राहते. मी ऑफिसात, नवरा ऑफिसात, तेव्हा लेक शाळेतून थेट आजोबांकडे. बाबा नुकतेच रिटायर झालेले. पडदे उघडे, माणूस जागा, आख्खी दुपार मोकळी! इंग्रजी शाळेतल्या त्या पोरीशी हा माणूस पहिल्या दिवसापासून मालवणीत बोलायला लागला. मी म्हटलं, "बाबा, तिच्या शाळेत हसतील ना." तर म्हणाले, "हसांदेत. हसण्यासाठीच आसा भाषा." अहो! माझ्या वेळी कुठे गेलेलं हे शहाणपण?

एकदा ऑफिसातून लवकर सुटले, बेल वाजवली, तर दार बाबांनी उघडलं. ओठांना लिपस्टिक, माझी, त्या दिवाळीला घेतलेली महागातली. कपाळावर टिकल्यांची रांग, डोक्याला आईची ओढणी. मागे लेक फुशारकीने उभी. "कुरियरवालो येवन गेलो," बाबा म्हणाले, "सही घेतल्यान आणि म्हणालो, थँक्यू काकी." दोघं हसून हसून भिंतीला टेकले. मीही हसले. हसता हसता लिपस्टिकचा शेंडा मोडलाय म्हणून ओरडले, आणि मग ओरडतच राहिले, गृहपाठ कुठाय, डबा का नाही खाल्ला, घरभर पावडर कुणी सांडली. मला लिपस्टिकचं काही पडलेलं नव्हतं. मला कधीच कुणी माझ्या बापाच्या ओठांना लिपस्टिक लावू दिली नव्हती, त्याचा राग होता तो. पण हा राग आठ वर्षांच्या पोरीवर काढायचा कसा, म्हणून गृहपाठ.

लोक म्हणायचे, "दुधावरची साय गं, सायीवर जीव असतोच." म्हणजे मी दूध. दूध तापवायचं, उतू जातंय का बघायचं, फ्रीजमध्ये ठेवायचं. साय मात्र साखर घालून खायची. हे एकदा मी आईला बोलून दाखवलं तर ती म्हणाली, "पोटच्या पोरीवर जळतंस? शोभता तुका?" नाही शोभत. पण जळणारी बाई शोभेचा विचार करून जळते का?

ऑगस्टमध्ये बाबांना हॉस्पिटलात ठेवलं. श्वासाचा त्रास. तिथेही वॉर्डातल्या मावशींसाठी त्यांनी बसल्या बसल्या गाऱ्हाणं घातलं, मेल्या त्या लादीवरचे डाग जाऊदेत आणि ह्या माउलीचे गुडघे ऱ्हवांदेत. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटने मान हलवून व्हय म्हटलं. लेकीला तर ते मास्क बाजूला करून काहीतरी कानात सांगायचे आणि दोघं खुसुखुसू हसायची. मला काय सांगितलं? मी शेवटची त्यांच्याशी बोलले तेव्हा चार वाजलेले, बाहेर ऊन होतं, आणि ते म्हणाले, "रिक्षाने जा, बसची वाट बघत उभी राहू नको." शुद्ध मराठीत. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

तेरावं झालं आणि बिल्डिंगच्या ग्रुपवर व्हिडिओ यायला लागले. ज्याच्या त्याच्या मोबाईलमध्ये बाबांचं गाऱ्हाणं. ज्याने त्याने आपलं आपलं कापून टाकलेलं. हे बघा माझ्या मुलाच्या लग्नाचं, हे आमच्या फ्रीजचं. खाली रडके चेहरे आणि हसरे चेहरे. मी सगळे बघितले. एकही सोडला नाही, ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत कानात इअरफोन घालून बघत बसायचे. कशासाठी? एका तरी व्हिडिओत, मी नसताना का होईना, ते माझ्यावर दोन वाक्यं बोलले असतील म्हणून. इतकंच हवं होतं मला. एक थट्टा, चारचौघांत, माझ्या नावाची. नव्हती. मी दिसतसुद्धा नव्हते, फोन नेहमी बाबांवर रोखलेला. लेक शेजारी बसून म्हणाली, "आई, तुझा आवाज बघ ना, प्रत्येकात आहे." मी म्हटलं, "आवाजाला काय करू?"

थंडीत बिल्डिंगचा सत्यनारायण असतो. कमिटीचे सेक्रेटरी आईला विचारायला आले, यंदा करायचा की नको. आई म्हणाली, "करा की. बंद पडलो तर हेंका आवडाचा नाय." मी तिथेच बटाटे सोलत बसले होते. सेक्रेटरींनी जरा घुटमळून म्हटलं, "मग गाऱ्हाणं…" माझे हात थांबले. मला मालवणी येत नाही हे मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, भिंतींना माहीत होतं. तरीही थांबले. नुसतं विचारलं असतं, तर मी नाही म्हटलं असतं आणि मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "नातीला सांगा ना. काकांसारखीच बोलते ती." आणि लेक आतल्या खोलीतून ओरडली, "घालतंय मी!"

मग काय, अंगाचा तिळपापड. घरी आल्यावर मी भांडी आदळली. लेक कॉलेजात जाते आता, माझ्याहून उंच आहे, ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "आई, तू नाराज आहेस का?"

"मी कशाला नाराज होऊ? झकास होऊ दे तुझा कार्यक्रम."

"यार आई, कार्यक्रम काय?"

"मग काय? त्यांनी तुला भाषा दिली, दुपारी दिल्या, सगळं दिलं. घाल ना गाऱ्हाणं. मी प्रसादाचे द्रोण भरीन."

"तुला यायला लागणार पुढे. व्हय कोण म्हणणार?"

"सगळे म्हणतात की."

ती वळून आतल्या खोलीत गेली. पुढचे काही दिवस आजीच्या घरी जाऊन काय काय पाठ करत होती. मी गेले की दोघी गप्प. त्याचाही मला राग.

पूजा खाली, जिन्यासमोरच्या मोकळ्या जागेत. लिफ्टला सुद्धा झेंडूचं तोरण लावलेलं. पोथी झाली, आरती झाली. मी ठरवल्याप्रमाणे मागे टेबलाशी शिऱ्याचे द्रोण भरत होते. लेक पुढे गेली. बाबांची गांधी टोपी घातली होती तिने. लोक टाळ्या वाजवायला लागले. समोरच्या ताईने आत्तापासूनच पदर डोळ्याला लावला. मी डाव जरा जोरात पातेल्यात टाकला.

"बा देवा म्हाराजा!" लेकीने सुरू केलं. मान, हात, मधला तो घसा साफ करायचा आवाज, सगळं त्यांचं. माझ्या अंगावर काटा आला आणि त्याच वेळी जळजळलं. "आज ह्या बिल्डिंगीतली सगळी लेकरा तुझ्या पायाकडे जमलेली आसत…"

"व्हय म्हाराजा," पहिल्या मजल्यावरचा एकजण मध्येच म्हणाला. तिचं वाक्य संपलं नव्हतं. ते संपलं तेव्हा दोनतीन बायका म्हणाल्या. मग बरंच नंतर मागून कुणी म्हातारा म्हणाला. लोक हसले, पण तसं नाही, कसंनुसं. तिने पुढचं वाक्य घेतलं, चांगलं होतं, पाण्याच्या टँकरवर होतं. त्यालाही तसंच. होकार सांडल्यासारखे इकडेतिकडे पडत होते. लेकीचा आवाज बारीक व्हायला लागला. गच्चीवर टाकीमागे बसून मी हाच गोंधळ ऐकला होता, मला बरोबर आठवलं.

ती थांबली. टोपी सारखी केली. आणि डावीकडच्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणाली, "बाय खय आसा?"

सगळे मागे वळले. हातात डाव, साडीला शिरा. मी काय करणार? ताईने माझ्या हातातून डाव काढून घेतला आणि मला चक्क ढकललं, "जा ना ओ, पोरगी थांबलीय." मी जाऊन उभी राहिले. डाव्या हाताला.

मग मात्र जमलं. तिने मान किंचित वळवायची आणि मी सुरू करायचं, हे तिला कुणी शिकवलं कुणास ठाऊक. टँकर झाला, पार्किंग झालं, रीडेव्हलपमेंटवाल्या बिल्डरला चांगली बुद्धी आणि ती नसली तर निदान चांगलं सिमेंट मिळूदे झालं. माझा आवाज लागला होता. लोक पोट धरून हसत होते. घरच्यांचा नंबर आला, आजीचं झालं, बडोद्याच्या मामाचं झालं. मी मनात म्हटलं, आता ती एक ओळ.

"आता शेवटचा," लेक म्हणाली. "ह्या गाऱ्हाणा माझ्या आजान कधी घालूक नाय. हॉस्पिटलात मी इचारलंय तेका, आजा, तू सगळ्यांची मस्करी करतंस, माझ्या आयेची कित्याक नाय? तर म्हणालो, ता रुसान गच्चीर जाता. एकदा मोदकावरसून गेला, आणि माझा गाऱ्हाणा उघड्यार पडला. हसणारे शंभर गावतत, व्हय म्हणणारा माका ह्या एकच आसा. तेका कसा दुखवू?"

कुणी हसलं नाही. आणि खरं सांगते, पहिला विचार हाच आला, की हे हिला सांगितलं. मला का नाही? त्या खाटेपाशी मी पण होते ना. मला रिक्षाने जा म्हणाले.

"पण देवा म्हाराजा," लेकीने आवाज चढवला, "मी तिच्याच पोटचा चेडू, मीव रुसतंय, तेव्हा माका भ्या नाय. तर ही माझी आये! ही माझो हेवो करता, समोरच्या काकीचो करता, मेली लिफ्टीचोव करता! लिफ्टीक मोठा गाऱ्हाणा गावला आणि हिका नाय, म्हणान इतकी वर्षा लिफ्टीत चढणा नाय, आणि आमका सांगता, गुडघ्यांक व्यायाम!"

काय हशा उसळला! तिसऱ्या मजल्यावरच्या काकी खुर्चीतून सांडायच्या बाकी होत्या. समोरची ताई पातेल्यामागे वाकून हसत होती. आई हसत होती. लिफ्टवरचं तोरण बघून लोक पुन्हा पुन्हा हसत होते. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं तर. माझा चेहरा पेटला. डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं की कशाचं, मला सांगता येणार नाही.

लेक थांबली होती. हसणं ओसरेपर्यंत थांबली, बाबा थांबायचे तशी. मग हळू म्हणाली, "तर देवा म्हाराजा, तिका सुखात ठेव. आणि आज तरी तिका गच्चीर धाडू नको रे म्हाराजा…"

आणि तिने मान डावीकडे वळवली.

कुणी आधी म्हणालं नाही, कुणी मागून म्हणालं नाही. जिना तिथेच होता, माझ्या हाताच्या अंतरावर, कठड्याला झेंडूची माळ गुंडाळलेला. मी तो बघितला. लेकीने मान तशीच वळवलेली ठेवली होती, टोपी एका कानावर घसरली होती.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. आवाज फाटला आणि उशीरही झाला, पण म्हटलं.